सावरडोच्या उरलेल्या स्टार्टरची भाज्यांची भजी

सावरडो म्हणजे बाजारच्या यीस्टऐवजी आंबवलेल्या पिठावर फुगवलेला पाव, आणि स्टार्टर म्हणजे त्यासाठी बरणीत राखलेलं पीठ-पाण्याचं आंबवण. त्या उरलेल्या स्टार्टरची भजी करताना एक गोष्ट पक्की धरायची: वरून पाणी घालायचं नाही. अगदी चमचाभरसुद्धा नाही. बेसनाच्या भज्यांनी आपल्या हाताला सवय लावलेली असते, पीठ-मसाला एकत्र केला की हात आपोआप पाण्याच्या भांड्याकडे जातो. स्टार्टरमध्ये पाणी आधीच आहे आणि भाज्यांमध्ये तर भरपूर आहे. या भज्यांची सगळी कृती म्हणजे त्या पाण्याचा बंदोबस्त.

मी नाशिकला राहते. घरी आठवड्याचा पाव सावरडोचाच होतो आणि माझं स्टार्टर गिरणीवरून दळून आणलेल्या लोकवन गव्हाच्या कणकेवर चालतं. पावाला ताजं, फुललेलं स्टार्टर लागतं, त्यामुळे दर वेळी नवी कणीक आणि पाणी घालण्याआधी बरणीतलं बरंचसं काढावं लागतं. हे काढलेलं स्टार्टर म्हणजे चांगली, आंबवलेली कणीक आहे. ती सिंकमध्ये ओतलेली मला बघवत नाही. शिवाय ती पाईपमध्ये जाऊन सिमेंटसारखी बसते, म्हणून कुणीच ओतू नये.

काढलेलं स्टार्टर मी झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये साठवते. आठवडाभरातलं भज्यांना उत्तम. पावाला जुनं स्टार्टर ज्या कारणासाठी नको असतं, त्याच कारणासाठी ते इथे हवं असतं. आंबत गेलं की त्यातल्या आम्लामुळे आणि पिठातल्याच विकरांमुळे (एन्झाइम्समुळे) ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, धागे तुटत जातात. ताण गेलेलं पीठ तेलात पडलं की खुसखुशीत होतं. ताजं, रबरासारखं ताणलं जाणारं स्टार्टर वापरलं तर भजं चिवट लागतं, तळलेल्या पावाचा तुकडा खाल्ल्यासारखं. म्हणून भज्यांसाठी घाई करून ताजं स्टार्टर वापरू नका, ते पावालाच ठेवा.

डबा उघडल्यावर वर करडं पाणी साचलेलं दिसलं तर घाबरू नका. बरेच दिवस पीठ न मिळालेल्या स्टार्टरवर ते येतं. भज्यांसाठी ते ढवळून आत न घेता ओतून टाका, तेवढंच पाणी कमी आणि उग्र वासही कमी. मात्र गुलाबी किंवा केशरी झाक दिसली, किंवा केसाळ बुरशी दिसली, तर सगळंच्या सगळं फेकायचं. वरचा थर काढून खालचं वापरणं इथे चालत नाही.

आता पाण्याचा हिशेब. मी स्टार्टरला कणीक आणि पाणी सारख्या वजनाने घालते. म्हणजे २०० ग्रॅम स्टार्टरमध्ये १०० ग्रॅम कणीक आणि १०० ग्रॅम पाणी. त्यात आणखी ५० ग्रॅम कोरडं पीठ घातलं की १५० ग्रॅम पिठाला १०० ग्रॅम पाणी होतं. हे मिश्रण घट्ट, चमच्यावरून लोंबत सावकाश पडणारं असतं. भाजी मिसळली की ती स्वतःचं पाणी सोडते आणि ते बरोबर भज्यांच्या पिठाइतकं सैल होतं. तुमचं स्टार्टर मैद्याचं असेल तर तेवढ्याच पाण्याला ते जास्त पातळ असतं, कारण कणकेतला कोंडा पाणी धरून ठेवतो आणि मैद्यात तो नसतो. खपली गव्हाचंही पातळ आणि ताण नसलेलं असतं. अशा वेळी कोरडं पीठ दोन चमचे वाढवा.

ते कोरडं पीठ कोणतं? तीन मोठे चमचे तांदळाचं आणि दोन मोठे चमचे बेसन. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नाही, त्यामुळे कुरकुरीतपणा त्याच्याकडून येतो. बेसन रंग आणि भज्यांचा ओळखीचा वास देतं. बेसन याहून जास्त घातलं तर स्टार्टरची आंबूस चव झाकली जाते, मग हा सगळा खटाटोप करण्यात अर्थ उरत नाही.

भाज्यांत मी कायम घेते त्या तीन: दोन मध्यम कांदे, एक मोठं गाजर, आणि दोन मुठी बारीक चिरलेला कोबी. नाशिकचं माणूस कांद्यावर थोडं जास्त बोलणार, ते ऐकून घ्या. मार्च-एप्रिलमध्ये निघणारा आणि चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा अंगाने कोरडा असतो, भज्यांना तो सगळ्यात चांगला. हिवाळ्यात येणारा लाल कांदा पाणीदार असतो, तो टिकतही नाही आणि भज्यात पाणीही जास्त सोडतो. लाल कांदा असेल तर मीठ लावून ठेवल्यावर तो हलक्या हाताने दाबून घ्यावा लागतो. उन्हाळ कांद्याला ती गरज नाही. चिरताना कांदा देठापासून शेंड्याकडे, उभा चिरा. आडव्या चकत्या लवकर मऊ पडतात आणि भज्यातून सुटून तेलात जळतात.

गाजर जाड किसणीवर किसा. बारीक किसणीवर त्याचा लगदा होतो. कोबी सुरीने, शक्य तितका बारीक. तिन्ही भाज्या परातीत घेऊन एक लहान चमचा मीठ चोळा आणि पंधरा मिनिटं बाजूला ठेवा. तळाशी पाणी सुटलेलं दिसेल. कोबी आणि गाजर मुठीत धरून घट्ट पिळा, कांदा लाल असेल तर तो नुसता दाबा. (ते पाणी फेकू नका, पोळ्यांची कणीक त्यात भिजवा. मीठ आहे हे लक्षात ठेवून.)

दुधी घालायचा असेल तर याच पद्धतीने, पण दुप्पट निर्दयपणे पिळायचा. त्याच्या वजनातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. पालक आणि मेथी धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी होऊ द्या. मक्याचे दाणे अख्खे कधीही घालू नका, गरम तेलात ते फुटतात आणि तेल अंगावर उडतं. ते खलबत्त्यात अर्धवट ठेचून घ्या. फ्लॉवरचे तुरे बोराएवढे करून, दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून, निथळून घ्या, नाहीतर बाहेरून भजं होतं आणि आत कच्चा फ्लॉवर राहतो.

फ्रिजमधलं स्टार्टर अर्धा तास आधी बाहेर काढा. गार मिश्रण तेलात पडलं की तेलाचं तापमान खाली येतं आणि भजी तेल पितात. एका मोठ्या पातेल्यात २०० ग्रॅम स्टार्टर, त्यात दोन ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढं किसलेलं आलं, पाव चमचा हळद, एक चमचा लाल तिखट, एक चमचा भरडलेले धणे, मूठभर कोथिंबीर आणि अर्धा चमचा ओवा. ओवा तळहातावर चोळून घालायचा, हा आमच्या सासूबाईंचा नियम, आणि त्यात तडजोड नाही. चोळला की त्याचा वास मोकळा होतो आणि आंबट पिठाला तोच वास शोभतो. मग पिळलेल्या भाज्या, तांदळाचं पीठ, बेसन. चमच्याने वरखाली करून एकजीव करा. घोटू नका. कणकेत जे काही ग्लुटेन शिल्लक आहे ते घोटल्याने जागं होतं.

या टप्प्याला मिश्रण बघा. भाजी दिसली पाहिजे आणि पीठ तिला नुसतं धरून ठेवणारं असलं पाहिजे. पिठात भाजी शोधावी लागत असेल तर भाजी वाढवा. पातळ वाटलं तर तांदळाचं पीठ एकेक चमचा. कोरडं वाटलं तरी पाणी नको, पाच मिनिटं थांबा, मीठ भाजीतून आणखी पाणी काढतं.

कढईत शेंगदाण्याचं तेल तापत ठेवा. ते तापत आलं की त्यातलं एक मोठा चमचा तेल मिश्रणावर मोहन म्हणून घाला आणि लगेच पाव लहान चमचा खाण्याचा सोडा भुरभुरवा. सोड्याचं काम इथे दुहेरी आहे. स्टार्टरमधलं आम्ल त्याला भेटलं की वायू तयार होतो आणि मिश्रण डोळ्यांदेखत फुगतं, भजं आतून जाळीदार होतं. दुसरं म्हणजे आंबटपणाची धार जाते. रंगाचाही त्यात भाग आहे: जुन्या स्टार्टरमधली साखर जिवाणूंनी आणि यीस्टने खाल्लेली असते, शिवाय आम्ल असलं की पदार्थ लवकर तांबूस होत नाही. सोडा नसेल तर ही भजी शिजूनही फिकी राहतात आणि रंगासाठी आपण ती जास्त तळत बसतो.

पण पाव चमच्याच्या पुढे जाऊ नका. जास्त सोड्याने साबणासारखी चव येते, भजी झटकन काळपट होतात आणि तेल ओढतात. प्रमाण चुकलं की हळद सांगते. क्षार लागला की हळद लाल होते, हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करतात ते याच गुणावर. मिश्रणात लाल ठिपके दिसले तर सोडा नीट मिसळलेला नाही, आणि सगळंच लालसर झालं तर तो जास्त झाला आहे. मग आणखी दोन चमचे स्टार्टर घालून सावरता येतं. सोडा घातल्यावर मिश्रण ठेवून द्यायचं नाही, वायू निघून जातो. म्हणून तेल आधी, सोडा नंतर.

तेल १७० ते १८० अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर मिश्रणाचा वाटाण्याएवढा गोळा टाका. तो तळाला जाऊन लगेच बुडबुडत वर आला पाहिजे. तळालाच बसून राहिला तर तेल गार आहे, टाकताक्षणी तपकिरी झाला तर गॅस कमी करा. मीठ-तिखट बघण्यासाठी कच्चं मिश्रण जिभेला लावू नका, कच्च्या पिठात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. एक भजं तळा, जरा निवू द्या आणि मग चाखा.

हे मिश्रण बेसनापेक्षा चिकट असतं. बोटांना तेलाचा हात लावून, लिंबाएवढा ऐवज घेऊन तो सैलसर सोडा. गोळा वळू नका. कडेला निघालेली कांद्याची आणि गाजराची टोकंच कुरकुरीत होतात, वळलेल्या गोळ्यात ती आत दडपली जातात आणि मधलं पीठ कच्चं राहतं. एका वेळी कढई अर्धीच भरा. आच मध्यम. पहिलं मिनिटभर झारा लावू नका, मग उलटा. चार-पाच मिनिटं लागतात, बेसनाच्या भज्यांपेक्षा थोडी जास्त. रंगापेक्षा बुडबुड्यांवर लक्ष ठेवा. सुरुवातीला खळखळणारं तेल शांत होत आलं की आतलं पाणी बरंचसं गेलं. नाचणीच्या स्टार्टरला तर हीच खूण धरावी लागते, कारण त्याचा रंग मुळातच गडद. नाचणीत ग्लुटेन नसल्यामुळे भजी तेलात विखुरतात, तिथे बेसन दुप्पट घ्या.

काढलेली भजी कागदावर ढीग करून ठेवू नका. खालची भजी वरच्यांच्या वाफेने मऊ पडतात. स्टीलच्या जाळीवर, एका थरात, सुटी ठेवा.

तळण नको असेल त्या दिवशी आप्पेपात्र काढा. प्रत्येक खळग्यात अर्धा चमचा तेल, मिश्रण काठोकाठ, मंद आचेवर झाकण ठेवून चार मिनिटं, उलटून झाकण न ठेवता तीन-चार मिनिटं. हे भज्यांसारखं कुरकुरीत होत नाही, पण डब्याला फार छान. तव्यावर चपटी थापूनही करता येतात, मग थर अर्ध्या बोटाहून जाड नको.

पावसाळ्यात मी याच स्टार्टरमध्ये पानं बुडवून तळते. मायाळूची आणि ओव्याची पानं पुसून कोरडी करायची. स्टार्टरमध्ये तांदळाचं पीठ दोनच चमचे, हळद, तिखट, मीठ आणि चिमूटभर सोडा. पान बुडवल्यावर त्याच्या शिरा पिठाखालून दिसाव्यात इतका पातळ थर बसला पाहिजे. फक्त या प्रकारात मैद्याचं पातळ स्टार्टर कणकेच्या स्टार्टरपेक्षा सरस ठरतं.

सोबत काय? चिंचेची चटणी नको, आंबटावर आंबट होतं. लिंबूही नको. वडापावात घालतात ती लसणाची सुकी चटणी, किंवा खजूर-गुळाची गोड चटणी. मुलांना सॉस हवा असतो, तो आमच्याकडेही निघतोच.

भजी उरली तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, कातडं होतं. कोरड्या तव्यावर, मंद आचेवर, पाच-सात मिनिटं उलटसुलट करा. कढीत घालायची असतील तर कढी उतरवल्यावर, पानं वाढायच्या पाच मिनिटं आधी घाला. ही भजी बेसनाच्या गोळ्यांसारखी उकळीला टिकत नाहीत, विरघळून कढी दाट करून टाकतात.