बाद फेरीचा अंदाज कसा बांधावा: हातात वही, खिशाला हात नाही

कतारच्या विश्वचषकात, २०२२ साली, बाद फेरीतले बरेच सामने आपल्याकडे रात्री साडेआठ आणि साडेबाराला सुरू व्हायचे. आम्ही सहाजण सांगलीच्या विश्रामबागेत एकाच्या घरी जमायचो. भडंगाचं मोठं पातेलं मध्ये आणि शेजारी दोनशे पानी वही. नियम एकच होता. सामना सुरू व्हायच्या आधी प्रत्येकानं आपला अंदाज वहीत लिहायचा, तोही टक्क्यांत, आणि नंतर खोडायचं नाही. त्या वहीनं मला फुटबॉल पाहायला शिकवलं. इतकी वर्षं मी फक्त चेंडू पाहत होतो.

ही पद्धत कुणालाही जमते. बेरीज-गुणाकार आला की झालं. पैशाची एकच अट आहे: यात पैसे लावायचे नाहीत. त्याची कारणं पुढे हिशेबासकट येतीलच.

पहिली पायरी: प्रश्न नेमका कोणता, ते ठरवा

कुंडलच्या मैदानात कुस्ती पाहिलेल्यांना हे चटकन समजेल. निकाली कुस्ती वेगळी आणि वेळ संपल्यावर बरोबरीत सोडवलेली वेगळी. बाद फेरीचा सामना निकाली असतो, पण त्याच्या पोटात दोन वेगळे प्रश्न असतात. ९० मिनिटांअखेर काय होईल, आणि शेवटी पुढे कोण जाईल. बहुतेक अंदाजांत आणि सट्ट्याच्या भावांत ‘सामन्याचा निकाल’ म्हणजे ९० मिनिटं अधिक पंचांनी वाढवून दिलेली मिनिटं, एवढंच धरतात. जादा वेळेची ३० मिनिटं आणि पेनल्टी शूटआऊट त्यात येत नाहीत.

१८ डिसेंबर २०२२ चा अंतिम सामना अर्जेंटिनानं जिंकला हे सगळ्यांना आठवतं. पण ९० मिनिटांचा निकाल होता २-२, म्हणजे बरोबरी. ‘अर्जेंटिना जिंकेल’ असं लिहिणारा एका प्रश्नात बरोबर आणि दुसऱ्यात चूक. उलट उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सच्या वेगहोर्स्टनं अर्जेंटिनाविरुद्ध पंचांनी वाढवून दिलेल्या अकराव्या मिनिटाला गोल केला, तो मात्र ९० मिनिटांच्या हिशेबातच मोजला जातो.

त्या स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकाची लढत धरून बाद फेरीचे १६ सामने झाले. त्यातले ५ ठरलेल्या वेळेत बरोबरीत राहिले आणि पाचही पेनल्टीपर्यंत गेले. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बरोबरीला १०-१५ टक्के देणारा माणूस बाद फेरी ओळखत नाही. मी सहसा २५ च्या खाली जात नाही, आणि तुल्यबळ संघ असतील तर ३० पर्यंत जातो.

दुसरी पायरी: दोन संघांतलं अंतर मोजा

भाग्यश्री ठिपसे आणि स्वाती घाटे या बुद्धिबळपटूंच्या सांगलीत ‘एलो’ हा शब्द समजावून सांगायला नको. अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं बुद्धिबळपटूंची ताकद मोजायला काढलेली ही गुणपद्धती आज राष्ट्रीय फुटबॉल संघांनाही लावतात. दोन संघांच्या एलो गुणांत १०० चा फरक असेल तर वरच्या संघाचा अपेक्षित वाटा साधारण ६४ टक्के, २०० चा असेल तर ७६ टक्के. फिफाच्या क्रमवारीचं गणितही २०१८ पासून याच घराण्यातलं आहे, पण तिथे भागाकार वेगळा असल्यानं एकीचे गुण दुसरीच्या हिशेबात घालू नका.

या ६४ मध्ये बरोबरीचा अर्धा वाटा धरलेला असतो, तो बाजूला काढावा लागतो. समजा बरोबरीला २८ टक्के दिले. त्याचे अर्धे १४. मग विजय ६४ उणे १४, म्हणजे ५०. बरोबरी २८, पराभव २२. झाले तीन आकडे, आणि बेरीज १००.

आता पुढे कोण जाईल? बरोबरीचे २८ वाटून द्या. जादा वेळेत ताकदीच्या संघाला थोडा फायदा असतो, पण शूटआऊट जवळजवळ समसमान धरायचं. मी १५ आणि १३ असे वाटतो. म्हणजे ६५ विरुद्ध ३५. क्रोएशियानं २०१८ आणि २०२२ मिळून चार शूटआऊट जिंकली, त्यामुळे त्यांना जास्त द्यावंसं वाटतं. एखादा टक्का द्या, पण चार वेळा घडलेल्या गोष्टीवर घर बांधू नका.

या आकड्यांत फेरफार करायला तीनच कारणं मी मान्य करतो. एक, यजमान संघ घरच्या मैदानावर खेळतोय. दोन, कुणी महत्त्वाचा खेळाडू कार्डांमुळे किंवा दुखापतीनं बाहेर आहे. त्याच नेदरलँड्सच्या सामन्यात अर्जेंटिनाच्या अकुन्या आणि मोंतिएल यांना पिवळी कार्डं मिळाली आणि दोघंही उपांत्य फेरीला मुकले. तीन, एका संघाला दोन-तीन दिवस जास्त विश्रांती मिळाली आहे. ‘यंदा त्यांचं नशीब जोरात आहे’ हे कारण आमच्या वहीत चालत नाही.

आणखी एक. आपला आवडता संघ असेल तर आकडा लिहून झाल्यावर त्यातले पाच कमी करा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडीलचा समर्थक दिलबहारच्या बाजूनं अंदाज देईल का? प्रेम असावंच, पण वहीत ते वेगळं काढून ठेवावं लागतं. आमच्यातल्या एका मेस्सीभक्तानं प्रत्येक सामन्यात अर्जेंटिनाला ८० दिले. करंडक त्याच्या संघानं उचलला, तरी वहीत तो चौथा आला. गटफेरीत सौदी अरेबियाकडून झालेला २-१ पराभव त्याला फार महाग पडला.

तिसरी पायरी: गोल किती होतील

२०२२ च्या त्या १६ सामन्यांत ठरलेल्या वेळेत एकूण ४८ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे बरोबर ३. पण मोरोक्को-स्पेनमध्ये एकही नाही आणि पोर्तुगाल-स्वित्झर्लंडमध्ये ७. सरासरी खरी असते, एकटा सामना मात्र तिचं ऐकत नाही.

वरच्या उदाहरणातल्या ताकदीच्या संघाला १.५ गोल आणि दुसऱ्याला १ गोल अपेक्षित धरा. सरासरीवरून प्रत्येक गोलसंख्येची शक्यता सांगणाऱ्या पॉयसाँच्या सूत्रात हे घातलं की १-० आणि १-१ हे दोन सर्वांत संभाव्य निकाल निघतात. आणि त्यांची शक्यता किती? प्रत्येकी साधारण १२ टक्के. म्हणजे सर्वांत चांगला अंदाजसुद्धा आठांतून एकदाच खरा ठरणार. जो छातीठोकपणे ‘२-१’ सांगतो, त्याला ९ टक्क्यांची गोष्ट खात्रीची वाटते आहे. आम्ही नेमका गोलफलक गंमत म्हणून लिहितो, गुण त्याला देत नाही.

चौथी पायरी: गोल कोण करेल

खरी मजा इथे आहे, आणि सगळ्यांत जास्त चुकाही इथेच होतात.

आधी नियम. गोल करणाऱ्याच्या अंदाजात स्वयंगोल धरत नाहीत, आणि शूटआऊटमधली पेनल्टी कधीच गोल म्हणून मोजत नाहीत. २०१८ च्या अंतिम सामन्यात पहिला गोल क्रोएशियाच्या मांजुकिचच्या डोक्याला लागून स्वतःच्याच जाळीत गेला. म्हणून ‘पहिला गोल कुणाचा’ याचं उत्तर दहा मिनिटांनी गोल करणारा पेरिशिच.

पहिला शोध पेनल्टी घेणाऱ्याचा. मेस्सीच्या २०२२ मधल्या ७ गोलांपैकी ४ पेनल्टीचे होते. २०१८ मध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या हॅरी केनच्या ६ पैकी ३. सामन्यातली पेनल्टी ढोबळमानानं चारपैकी तीनदा आत जाते. दुसरी कुठलीही संधी इतकी सोपी नसते, म्हणून दोन सारख्याच आघाडीपटूंतून निवडायचं तर पेनल्टी घेणारा घ्या. केननंच २०२२ मध्ये फ्रान्सविरुद्ध ८४ व्या मिनिटाला पेनल्टी बारवरून उडवली, हेही विसरू नका.

मग वाटा काढा. त्या खेळाडूच्या संघानं गेल्या १२-१५ स्पर्धांतल्या सामन्यांत केलेले गोल मोजा, मैत्रीपूर्ण सामने सोडून. त्यात त्याचे किती? समजा ३० टक्के. संघाला १.५ गोल अपेक्षित, त्याचे ३० टक्के म्हणजे ०.४५. आता हा आकडा ‘निदान एक गोल करेल’ याच्या शक्यतेत बदलायचा. त्यासाठी वहीच्या मलपृष्ठावर हे लिहून ठेवा: ०.२ ला १८ टक्के, ०.३ ला २६, ०.४५ ला ३६, ०.६ ला ४५, ०.८ ला ५५. म्हणजे हुकमी आघाडीपटूसुद्धा दहातून चारदाही गोल करत नाही. तो सत्तराव्या मिनिटाला बाहेर जाणारा असेल तर ०.४५ चे ०.३५ होतात आणि शक्यता ३० च्या आसपास येते.

नाव मात्र संघ जाहीर झाल्याशिवाय लिहू नका. साधारण तासभर आधी अकरा नावं कळतात. पोर्तुगाल-स्वित्झर्लंडच्या दिवशी आमच्यातल्या चौघांनी दुपारीच रोनाल्डो लिहून टाकला होता. तो बाकावर बसला आणि त्याच्या जागी आलेल्या गोन्सालो रामोसनं तीन गोल ठोकले. ‘नाव शेवटी’ हा नियम त्या रात्री झाला.

बदली खेळाडूंकडेही लक्ष हवं. मोरोक्कोविरुद्धच्या उपांत्य सामन्यात फ्रान्सचा कोलो मुआनी मैदानात उतरून मिनिटही झालं नव्हतं, तोच त्यानं गोल केला. २०२४ च्या युरो अंतिम सामन्यात स्पेनचा विजयी गोल बदली आलेल्या ओयार्साबालचा, ८६ व्या मिनिटाला. दमलेल्या बचावासमोर ताजे पाय, एवढंच त्यामागचं कारण. दुसरं नाव निवडताना मी प्रशिक्षक नेहमी कुणाला साठाव्या मिनिटानंतर उतरवतो, ते पाहतो.

आणि कॉर्नर. घट्ट सामन्यात उघड्या खेळातून वाट सापडत नाही, तेव्हा उंच बचावपटू पुढे येतात. २०१८ च्या उपांत्य सामन्यात फ्रान्सनं बेल्जियमला हरवलं, ते उम्तितीनं कॉर्नरवर डोक्यानं मारलेल्या एकमेव गोलावर. बचावपटूला ५ ते ८ टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका, पण शून्यही लिहू नका.

भाव वाचायला शिका, लावायला नको

परदेशी वर्तमानपत्रांत आणि संकेतस्थळांवर सट्ट्याचे भाव दिसतात. त्यांचा एकच उपयोग: आपला आकडा ताडून पाहणं. १ ला भावानं भागा. विजय १.८०, बरोबरी ३.५०, पराभव ४.८० असे भाव असतील तर टक्के निघतात ५५.६, २८.६ आणि २०.८. बेरीज करा. १०५ येते.

हे वरचे ५ कुणाचे? मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघितलेल्या माणसाला विचारा. माल कुणाचाही असो, भाव चढो की पडो, अडत कापली जातेच. इथेही तसंच. फरक इतकाच की अडत्या माल विकून देण्याचं काम करतो, इथे कापून घेण्याच्या बदल्यात काही मिळत नाही. गोल करणाऱ्याच्या भावांत तर ही कापणी आणखी मोठी असते. तुमचा अंदाज बाजाराइतकाच चांगला असला, तरी शंभर सामन्यांनंतर खिसा हलकाच होणार. माझ्या नात्यातल्या तासगावकडच्या एका तरुणानं द्राक्षाच्या हंगामाचे पैसे एका ॲपवर असेच घालवले. त्याला फुटबॉल आमच्यापेक्षा जास्त कळतो. त्याच्या आईनं तेव्हा दोन महिने कुणाशी नीट बोलणं टाकलं होतं. ते घर मी जवळून पाहिलं आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगतो आहे.

कायदाही स्पष्ट आहे. राज्यात १८८७ चा जुगारबंदी कायदा आहेच. शिवाय २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे व्यवहार हाताळणं, सगळ्यावर बंदी घातली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो.

मोबाइलवर ‘पक्की टिप’ पाठवणाऱ्यांचं तंत्र समजून घ्या, कारण बाद फेरीत ते फार छान चालतं. पुढे जाणारा संघ दोघांपैकीच एक असतो. १,६०० लोकांपैकी ८०० जणांना एक नाव पाठवायचं, ८०० जणांना दुसरं. चूक ठरलेल्यांना सोडून द्यायचं. पुढच्या सामन्याला ४०० आणि ४००. चार सामन्यांनंतर १०० माणसं अशी उरतात, ज्यांना चारही टिपा खऱ्या मिळाल्या. पाचव्या टिपेचे पैसे त्यांच्याकडून मागतात. त्या शंभरातल्या कुणालाही उरलेले १,५०० दिसत नाहीत.

शेवटची पायरी: सामना संपल्यावर गुण मांडा

अंदाज तपासायची चांगली रीत हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली मांडली. ‘पुढे जाईल’ याला तुम्ही ६५ टक्के दिले आणि संघ गेला, तर १ उणे ०.६५, म्हणजे ०.३५. त्याचा वर्ग ०.१२. गेला नाही तर ०.६५ चा वर्ग ०.४२. कमी गुण चांगले. नेहमी ५०-५० लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी ०.२५ मिळतात, म्हणून पूर्ण बाद फेरीची तुमची सरासरी ०.२५ च्या खाली असेल तर तुम्हाला काहीतरी कळू लागलं आहे. ९० लिहून चुकलात तर एका रात्रीत ०.८१ चढतात, म्हणून ९० लिहिताना हात थोडा थांबतो, आणि तो थांबायलाच हवा. गोल करणाऱ्यांच्या नावांनाही हेच गणित लावा.

आकड्यांशेजारी एक ओळ कारणासाठी ठेवा. ‘डावा बचावपटू बाहेर’, ‘तीन दिवसांत दुसरा सामना’, ‘पेनल्टी आता दुसराच घेतो’. आमच्यात ज्याची सरासरी सर्वांत वाईट असते, तो पुढच्या फेरीला भडंग आणतो, त्यात शेंगदाणे भरपूर हवेत. गेल्या खेपेला ते मीच आणलं होतं, कारण स्पेनला मी मोरोक्कोविरुद्ध ८५ दिले होते. शेजारच्या कारणाच्या ओळीत फक्त ‘चेंडू यांच्याकडेच राहील’ असं लिहिलं आहे. चेंडू खरंच त्यांच्याकडे राहिला. तेव्हापासून मी चेंडू किती वेळ होता याऐवजी गोलाजवळून किती फटके मारले, ते मोजतो.