'रनिंग' दिसतंय, पण साइट उघडत नाही

"ताई, मशीन तर रनिंग दाखवतंय. मग साइट का उघडत नाही?"

टीममध्ये नवीन आलेलं पोर पहिल्या महिन्यात हा प्रश्न विचारतंच. मीही विचारला होता. सोलापूरहून बी.एस्सी. करून पुण्यात आले आणि खराडीतल्या एका छोट्या कंपनीत सपोर्टला लागले. कंपनीचे सगळे सर्व्हर अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे एडब्ल्यूएसच्या ईसी-टू सेवेत, भाड्याने मिळणाऱ्या व्हर्च्युअल मशिनांवर होते. मला वाटलं होतं, दिवसभर लिनक्सच्या काळ्या खिडकीत बसायचंय. प्रत्यक्षात हातात आलं ते ब्राउझरमध्ये उघडणारं कॉन्सोल. मशिनांची एक यादी, प्रत्येकीपुढे हिरवी खूण आणि वर बटणं. किती सोपं, असं वाटलं. हे वाटणंच महागात पडलं.

आमच्याकडे एक ज्येष्ठ अ‍ॅडमिन होते, सर्व्हर रूममध्ये स्वेटर घालून बसायच्या जमान्यातले. सगळे त्यांना काका म्हणायचे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "हे बघ, ही सोसायटीची मीटर-रूम आहे. कुठल्या फ्लॅटचं मीटर पळतंय ते इथून कळतं. आत कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते नाही कळत." मी मान डोलावली. अर्थ कळायला चार महिने गेले.

आधी छोटी फजिती सांगते. दुसऱ्या आठवड्यात सकाळी कॉन्सोल उघडलं तर यादी रिकामी. एकही मशीन नाही. माझे हातपाय गार पडले. काकांनी खुर्चीतून न उठता विचारलं, "उजव्या कोपऱ्यात वर काय लिहिलंय?" ओहायो. आमची सगळी मशिनं मुंबई रीजनमध्ये, म्हणजे मुंबईतल्या डेटा सेंटरांच्या गटात होती. ईसी-टूची यादी एका वेळी एकाच रीजनची दिसते. मुंबईचा रीजन २०१६ साली सुरू झाला, हैदराबादचा २०२२ साली, आणि जगभरात असे कितीतरी आहेत. म्हणून कॉन्सोल उघडलं की पहिली नजर त्या कोपऱ्याकडे टाकायची. याची उलटी बाजू जास्त खर्चिक आहे: शिकताना चुकून ओहायोत मशीन उभं करायचं आणि मग मुंबईच्या यादीत ते दिसत नाही म्हणून निवांत राहायचं. ईसी-टूमध्ये 'ग्लोबल व्ह्यू' नावाचं एक पान आहे, त्यात सगळ्या रीजनमधलं एकत्र दिसतं. ते बुकमार्क करून ठेवा.

मशीन उभं करताना येणारा फॉर्म लांबलचक आहे, पण नवख्याला नडतात त्या दोनच जागा. पहिली, मशिनमध्ये शिरायची किल्ली. मशीन बनवताना एक पेम फाइल डाउनलोड होते, तीच ही किल्ली. ती त्या एकाच वेळी मिळते, पुन्हा कॉन्सोलवर मागून मिळत नाही. डाउनलोड्स फोल्डरमध्ये "फायनल-२" वगैरे नावांच्या गर्दीत ती टाकू नका. दुसरी जागा सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे कुठल्या दारातून कोणाला आत सोडायचं त्याचे नियम. एसएसएच, म्हणजे दुरून मशिनमध्ये शिरायची पद्धत; तिचं दार म्हणजे पोर्ट २२. तिथे 'माय आयपी' निवडलं की तुमच्या त्या वेळच्या इंटरनेट पत्त्यालाच प्रवेश मिळतो. हे योग्यच आहे, पण घरच्या ब्रॉडबँडचा किंवा मोबाइल हॉटस्पॉटचा पत्ता बदलत राहतो. काल जोडलं गेलेलं मशीन आज जोडलं जात नाही, मग वैतागून पोरं ०.०.०.०/० टाकतात, म्हणजे अख्ख्या जगाला दार उघडं. त्यानंतर मशिनचा लॉग वाचून बघा; कुठून कुठून माणसं (आणि बॉट) 'रूट', 'अ‍ॅडमिन' अशी नावं टाकून कडी वाजवत असतात. वैताग आला तरी नियमातला पत्ता बदला, दार सताड उघडं टाकू नका.

जोडलं जात नसेल तर स्क्रीनवरचा शब्द नीट वाचायचा. नुसतं थांबून थांबून 'टाइमआउट' आलं, तर तुम्ही दारापर्यंतच पोहोचला नाहीत: सिक्युरिटी ग्रुप, पत्ता किंवा नेटवर्क तपासा. 'परमिशन डिनाइड' आलं, तर दारापर्यंत गेलात पण किल्ली किंवा नाव चुकलंय. अ‍ॅमेझॉन लिनक्सवर नाव 'ईसीटू-यूजर' असतं, उबुंटूवर 'उबुंटू'. हा एवढा फरक मला कोणी आधी सांगितला असता तर माझे दोन शनिवार वाचले असते.

आता ती मुख्य गोष्ट. एका शाळेची फी भरायची साइट आमच्याकडे होती. फीची मुदत संपायला दोन दिवस, शुक्रवारची संध्याकाळ, आणि साइट बंद. मी कॉन्सोल उघडलं. मशीन रनिंग. कॉन्सोलवरच्या आपोआप होणाऱ्या तपासण्या सगळ्या पास. मॉनिटरिंगच्या टॅबवर सीपीयूचा आलेख जेमतेम सहा टक्के. मी फोनवर ठामपणे सांगून टाकलं, "आमच्या बाजूने सगळं ठीक आहे, तुमचं नेट बघा." हे वाक्य आठवलं की आजही कान गरम होतात.

काका मागे येऊन उभे राहिले. "मेमरीचा आलेख कुठाय?" मी शोधला. नव्हताच. तेव्हा मीटर-रूम डोक्यात शिरली. व्हर्च्युअल मशिनचा सीपीयू किती चालला, नेटवर्कवरून किती डेटा गेला, हे बाहेरून मोजता येतं, म्हणून ते फुकटात दिसतं, दर पाच मिनिटांनी. पण मेमरी किती भरली आणि डिस्कवर किती जागा उरली, हा मशिनच्या पोटातला हिशोब आहे. तो हवा असेल तर आत एडब्ल्यूएसच्या क्लाउडवॉच या देखरेख सेवेचा एजंट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, बसवावा लागतो. तो नसेल तर आलेख सहा टक्के दाखवत राहतो आणि आत डेटाबेस मरून पडलेला असतो.

काकांनी अ‍ॅक्शन्सच्या मेनूत 'मॉनिटर अँड ट्रबलशूट' उघडून 'गेट सिस्टम लॉग' दाबायला लावलं. मजकुराची भिंत उभी राहिली. अगदी तळाशी: आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, आणि पुढे मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेसचं नाव. टी-थ्री मायक्रो या १ जीबी मेमरीच्या छोट्या मशिनवर वेबसर्व्हर आणि डेटाबेस दोन्ही बसवले होते. पालकांची गर्दी झाली आणि लिनक्सने जागा मोकळी करायला सगळ्यात जाडा प्रोसेस उडवला.

उपाय सरळ होता. मशीन मोठं करायचं, टी-थ्री स्मॉल, २ जीबी. चालू मशिनचा प्रकार बदलता येत नाही, आधी स्टॉप करावं लागतं. काका म्हणाले, "आधी स्नॅपशॉट घे," आणि घरी गेले. मी स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, घेतला, स्टॉप केलं, प्रकार बदलला, स्टार्ट केलं. रनिंग. तपासण्या पास. साइट? बंद.

अर्धा तास मी आत शिरून डेटाबेस तपासला, वेबसर्व्हर दोनदा रीस्टार्ट केला. सगळं उत्तम चालू. शेवटी काकांना फोन केला, मागे कुकरचा आवाज येत होता. "अगं, पब्लिक आयपी बघितलास का? बदलला असेल."

बदललाच होता. रीबूटमध्ये पत्ता टिकतो. स्टॉप करून स्टार्ट केलं की जुना पब्लिक पत्ता जातो आणि नवा मिळतो. डोमेन मात्र जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत होतं. मी बसले होते नव्या घरात, पत्रं चालली होती जुन्या घरी. त्या मशिनला इलॅस्टिक आयपी, म्हणजे कायमचा पत्ता आधीच लावलेला असता तर काहीच झालं नसतं. आता तो लावला, डोमेनची नोंद बदलली, आणि मग वाट बघत बसले, कारण त्या नोंदीची मुदत एक तासाची होती. तोवर लोकांचे ब्राउझर जुन्याच पत्त्यावर जाणार. रात्री साडेनऊला पहिली फी जमा झाल्याचं दिसलं. खाली येऊन वडापाव खाल्ला, तोही गार.

मुलाखतीत हे हमखास विचारतात: "स्टॉप-स्टार्ट केल्यावर कुठला आयपी बदलतो?" पब्लिक बदलतो; प्रायव्हेट, म्हणजे आतल्या नेटवर्कमधला पत्ता, तोच राहतो. पाठ करू नका, एकदा स्वतः करून बघा. मग विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही.

त्या तपासण्यांबद्दलही थोडं. एक तपासणी खालच्या खऱ्या यंत्रसामग्रीची असते, दुसरी तुमच्या मशिनची. नव्या प्रकारच्या मशिनांना डिस्कची तिसरीही असते. तुमच्या मशिनची तपासणी नापास झाली तर रीबूट करून किंवा सिस्टम लॉग वाचून काहीतरी हाती लागतं. पण पहिली नापास असेल तर रीबूट करत बसण्यात अर्थ नाही, कारण मशीन त्याच यजमानावर, म्हणजे खालच्या त्याच खऱ्या यंत्रावर, परत उठतं. अशा वेळी स्टॉप आणि मग स्टार्ट करायचं. सहसा ते दुसऱ्या यजमानावर जातं. रीबूट, स्टॉप आणि स्टार्ट हे एकाच मेनूतले तीन शब्द दिसायला भावंडं आहेत, पण करणी वेगळी.

चौथा शब्द टर्मिनेट. याला परतीचा रस्ता नाही. सोबत मूळ डिस्कही पुसली जाते, कारण तसंच ठरवलेलं असतं. आमच्या यादीत 'टेस्ट', 'टेस्ट-न्यू' आणि 'टेस्ट-न्यू-कॉपी' अशी तीन मशिनं होती, त्यामुळे माझी सवय अशी: टर्मिनेट करण्यापूर्वी इन्स्टन्स आयडीची, म्हणजे मशिनच्या ओळख क्रमांकाची, शेवटची चार अक्षरं मोठ्याने वाचायची. शेजारचे हसतात. हसू देत. आणि कामाच्या प्रत्येक मशिनवर टर्मिनेशन प्रोटेक्शन चालू ठेवायचं. दोन क्लिकचं काम आहे.

पैशांचं थोडक्यात. लिनक्सच्या मशिनचे पैसे सेकंदावर लागतात, किमान ६० सेकंद. स्टॉप केलं की मशिनचं भाडं थांबतं, डिस्कचं नाही. नंतर जोडलेल्या जादा डिस्का मशीन टर्मिनेट झाल्यावरही बहुधा मागे राहतात, 'अव्हेलेबल' म्हणून पडून असतात आणि मीटर चालूच. पब्लिक आयपी पूर्वी मशिनला लावलेला असला तर फुकट होता, पण फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर पडतात, म्हणजे महिन्याला सुमारे ३.६५ डॉलर, तीनशे रुपयांच्या वर. स्टॉप केलेल्या मशिनवर लावून विसरलेला इलॅस्टिक आयपीही यात येतो. फुकट वापराचे नियमही बदललेत. पूर्वी वर्षभर महिन्याला ७५० तास मिळायचे, ३१ दिवसांच्या महिन्यात ७४४ तास, म्हणजे बरोबर एक मशीन. १५ जुलै २०२५ पासून नव्या खात्याला १०० डॉलरचं क्रेडिट मिळतं, सांगितलेली कामं केली तर आणखी १००. जुने व्हिडिओ बघून शिकत असाल तर हे लक्षात ठेवा. बजेटचा इशारा पहिल्याच दिवशी लावा, पण साधा इशारा फक्त कळवतो, वेगळं ठरवून दिल्याशिवाय मशीन काही बंद करत नाही.

एडब्ल्यूएसचं सर्टिफिकेट कधी करायचं, हे जवळजवळ प्रत्येकजण विचारतो. माझं मत: आधी एक मशीन मोडा, मग परीक्षेचे पैसे भरा. आणि "कॉन्सोलवर क्लिक करणं म्हणजे काही खरं काम नव्हे" असं म्हणणारे सीनियर भेटतील. टेराफॉर्म (फाइलमध्ये लिहून मशिनं उभी करायचं साधन) वगैरे शिकायचंच आहे, पण स्टॉप केल्यावर पत्ता जातो हे ज्याने डोळ्यांनी बघितलंय, त्याला टेराफॉर्मच्या फाइलमधली इलॅस्टिक आयपीची ओळ कशासाठी आहे हे समजावून सांगावं लागत नाही.

एक रविवार काढा. रीजन मुंबई. सगळ्यात छोटं मशीन उभं करा, वेबसर्व्हर टाका, पान ब्राउझरमध्ये उघडा. रीबूट करा, पत्ता बघा. स्टॉप-स्टार्ट करा, पुन्हा बघा. पोर्ट ८० चा नियम काढून टाका आणि कुठला एरर येतो तो वहीत लिहा. प्रकार बदला. मग सगळं टर्मिनेट करा. यादीत ते साधारण तासभर 'टर्मिनेटेड' म्हणून दिसत राहील, घाबरू नका. त्यानंतर व्हॉल्यूम्स (म्हणजे डिस्का), स्नॅपशॉट्स आणि इलॅस्टिक आयपी ही तीन पानं उघडून रिकामी आहेत ना ते बघा. बिलाचे आकडे लगेच दिसत नाहीत, मागून येतात, म्हणून सोमवारी रात्री पुन्हा एकदा डोकवा.