एसडीएसएफ: कोणती कमांड कुठे टाइप करावी

रत्नागिरीत किंवा मालवणात घरी बसून व्हीपीएनवरून दूरच्या मेनफ्रेमची रात्रपाळी सांभाळणाऱ्या नवख्याच्या हाती बहुधा कमांडची वर्णानुक्रमे लावलेली एक लांबलचक यादी दिली जाते. ती खुशाल बाजूला ठेवावी. आयबीएमच्या झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टमवर कामे पाहण्यासाठी व हाताळण्यासाठी असलेल्या एसडीएसएफ या साधनात एखादे अक्षर काय करील, हे ते कोणत्या जागी टाइप केले यावर ठरते, आणि नेमके तेच त्या यादीत नसते.

वरच्या कमांड ओळीत स्लॅशशिवाय जे टाइप होते, ते एसडीएसएफ स्वतः पाळते. डीए चालू कामे दाखवते, एसटी सगळ्या कामांची स्थिती, तर ‘लॉग’ ही कमांड यंत्रणेची नोंद. या कमांड फक्त दाखवणाऱ्या असल्याने त्या निर्धास्तपणे वापराव्यात. अपेक्षित जॉब दिसला नाही, तर आरडाओरडा करण्यापूर्वी आधीचे प्रीफिक्स (जॉबच्या नावावरून लावलेली चाळणी) किंवा फिल्टर तसेच राहिले आहे का, ते पाहावे. सेट डिस्प्ले ऑन केले की प्रीफिक्स डोळ्यांसमोर राहते.

त्याच ओळीत स्लॅश देऊन लिहिलेली कमांड एसडीएसएफ स्वतः न पाळता पुढे पाठवते. डॉलर चिन्हाने सुरू होणारी जेईएस२ कडे, म्हणजे जॉब आणि त्यांचे आउटपुट सांभाळणाऱ्या भागाकडे जाते, बाकीच्या थेट झेड/ओएसकडे. ‘/डी ए,एल’ चालू कामांची यादी देते, ‘/डी आर,एल’ उत्तराच्या प्रतीक्षेतील संदेश दाखवते.

खरी गोम तिसऱ्या जागेत, म्हणजे प्रत्येक जॉबच्या डावीकडील एनपी या अरुंद स्तंभात आहे. स्लॅशनंतरचा पी म्हणजे स्टॉप: टास्कला आवरून बंद होण्याची सभ्य विनंती. एनपीतला पी म्हणजे पर्ज: डीए किंवा एसटीवर तो काम रद्द करतो आणि त्याचे आउटपुटही पुसून टाकतो, त्यामुळे सकाळी चूक शोधायला काहीच उरत नाही. एसचेही तसेच आहे. स्लॅशनंतर तो टास्क सुरू करतो, एनपीत नुसते आउटपुट वाचायला उघडतो. डीएवर स्टार्टेड टास्क (स्टार्ट कमांडने सुरू केलेले काम) सभ्यपणे थांबवायची असेल, तर एनपीत वाय टाइप करावा. के तिला सिस्टम कॅन्सल देतो आणि झेड फोर्स. फोर्स हे शेवटचे शस्त्र आहे. त्याने संपूर्ण यंत्रणा पुन्हा आयपीएल, म्हणजे नव्याने सुरू करण्याची पाळी येऊ शकते, म्हणून वरिष्ठांना विचारल्याशिवाय झेडला हात लावू नये. शिवाय स्टॉप सगळेच ऐकतात असे नाही. व्यवहार हाताळणारी सीआयसीएस ही प्रणाली ऐकत नाही. तिला स्लॅशनंतर एफ, म्हणजे मॉडिफाय देऊन तिच्याच भाषेत शटडाउन सांगावे लागते.

अनुभवी लोक ‘सवयीने जमेल’ असे सांगतात. पहाटे तीनला हीच सवय घात करते, कारण कन्सोलवर मुरलेले बोट पी कडेच वळते. त्यापेक्षा सेट कन्फर्म ऑन करून ठेवावे, म्हणजे घातक अक्षरांपूर्वी खात्री विचारली जाते. सेट ॲक्शन लाँग केल्यास त्या पडद्यावर चालणारी अक्षरे अर्थांसकट दिसतात. कन्फर्ममुळे वेळ जातो, ही तक्रार मी मनावर घेत नाही.

स्तंभांतील मूल्यांवर टाइप करून प्राधान्य किंवा क्लास बदलता येतो. अधिकार असेल तरच.

आपल्याकडे आषाढात वीज जाते, राउटर बंद पडतो आणि एंटर दाबल्या दाबल्या पडदा गोठतो. अशा वेळी पुन्हा जोडले गेल्यावर तीच कमांड परत देऊ नये. टीएसओच्या (झेड/ओएसवर लॉगऑन करण्याच्या सोयीच्या) लॉगऑन पडद्यावर रिकनेक्टपुढे एस टाइप करून आत यावे, लॉग उघडून तळाशी जावे आणि जॉबच्या नावाने फाइंड प्रीव्ह करून मागे शोधावे. एनपीत टाइप केलेले अक्षरही तिथे पूर्ण कमांडच्या रूपात, आपल्या यूजर आयडीसह नोंदलेले सापडते. नोंद असेल, तर कमांड पोहोचली आहे. मग डीएवर काम अजून दिसते का, तेवढेच पाहावे. नोंद नसेल, तरच ती पुन्हा द्यावी.