भंगार सिनेमाची टर उडवताना या चुका टाळा

कुठलाही टुकार सिनेमा लावायचा, चारजण गोळा करायचे आणि तोंडाला येईल ते बोलत सुटायचं, असा बेत केला की पाऊण तासात अर्धी मंडळी मोबाइल काढून बसतात. दोष विनोदबुद्धीचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा सिनेमा चुकलेला असतो, नाहीतर शेरा टाकायची वेळ.

कंटाळवाणा सिनेमा निवडणं

वाईट वेगळा, रटाळ वेगळा. टर उडवायला तोच सिनेमा चालतो, जो बनवणाऱ्याने अगदी मनापासून, गंभीर चेहऱ्याने बनवलाय. कांती शाह यांचा १९९८चा 'गुंडा' अजून लोक मिळून बघतात, कारण त्यातले खलनायक यमक जुळवत स्वतःची ओळख करून देतात आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही. (आजी-आजोबा किंवा मुलं बैठकीत असतील तर हा सिनेमा लावू नका, भाषा अश्लील आहे आणि हिंसाही तशीच.) मुद्दाम वाईट बनवलेले सिनेमे आणि विनोदी सिनेमे सरळ बाद करा. तिथे विनोद आधीच करून झालेला असतो, तुम्ही फक्त मध्ये मध्ये करता.

निवडण्याआधी मधली दहा मिनिटं लावून बघा. कुणीच बोलत नाही अशा तीन-चार सेकंदांच्या आठ-दहा जागा त्यात सापडल्या तर सिनेमा कामाचा. सतत संवाद फेकणारं कोर्टातलं नाट्य कितीही वाईट असलं तरी शेऱ्याला जागा देत नाही. अडीच तासांचा हिंदी सिनेमा अख्खा बघायचा हट्टही नको. दीड तासानंतर घसे बसतात. सगळ्यात भीषण गाणं तेवढं ठेवा आणि बाकीची कुठून कुठवर ओलांडायची ते आधीच टिपून ठेवा.

संवादावर बोलणं

सगळ्यात जास्त बैठका इथे कोसळतात. संवाद ऐकूच आला नाही तर त्यावरचा शेरा कळणार कसा? मोकळी जागा आली की पाच-सात शब्दांत बोला आणि पुढचं पात्र तोंड उघडायच्या आत संपवा.

समजा, खलनायक भल्यामोठ्या जिन्यावरून वीस सेकंद नुसता उतरतोय. पहिल्या पायरीवर बोलू नका. तो खरंच एवढा वेळ घेणार आहे, हे बघणाऱ्यांना आधी जाणवू दे. जिना निम्मा झाला की: "भिया, कचऱ्याची गाडी आलीय, डबा घेऊनच उतरा!" ('भिया' म्हणजे इंदुरी 'भाऊ'.) इंदूरमध्ये कचऱ्याची गाडी गाणं वाजवतच दारात येते, त्यामुळे तिथल्या घरात एवढं पुरतं, गाडीचं गाणंही म्हणावं लागत नाही. तो तळाला पोचताना दुसऱ्याने विचारावं, "ओला-सुका वेगळा केलाय ना?" बस. तिसरा शेरा आवरा. तासाभराने हाच खलनायक एखादं प्रेत दरीत ढकलतो, तेव्हा नुसतं "ओला की सुका?" म्हटलं तरी हशा दुप्पट होतो. असा जुना धागा बैठकीत दोन-तीनदाच ओढावा. चौथ्यांदा लोक आधीच उत्तर देऊन टाकतात.

मिनिटाला दोन-तीन शेरे भरपूर झाले. दोघं एकदम बोलत असतील तर मुख्य बोलणारे तिघंच ठरवा आणि त्यांना शेजारी-शेजारी बसवा. ज्याला बोलायचंय त्याने कोपराने खूण करायची.

सगळं आयत्या वेळी सुचेल, हा भरवसा

अमेरिकेत मिनियापोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर १९८८मध्ये 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' सुरू झालं. एक माणूस आणि दोन यंत्रमानव सिनेमागृहात बसून पडद्यावर शेरे मारतात, असा तो कार्यक्रम. सुरुवातीला बरंचसं ऐनवेळी सुचलेलंच असायचं. पुढे लेखकमंडळी सिनेमा पुन्हा पुन्हा बघून शेरे लिहून काढू लागली, आणि कार्यक्रम गाजला तो त्या लिखाणावर. घरच्या बैठकीला एवढं नको, पण एकाने तरी सिनेमा आधी बघून वेळेसकट पंधरा-वीस जागा लिहून आणाव्यात.

नटाच्या अंगावर जाणं

रंग, जाडी, जात, अपंगत्व यांवरचे शेरे हमखास फसतात, आणि फसायलाच हवेत. पटकथा, संकलन, विग, सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून सुटलेली अकरावी गोळी... एवढा माल समोर असताना तिकडे जायची गरज काय?

आवाज आणि सेव

सिनेमाचा आवाज एवढाच ठेवा की साध्या बोलण्याने तो झाकला जाणार नाही आणि बोलणाऱ्याला ओरडावंही लागणार नाही. उपशीर्षकं असतील तर लावाच. ब्लूटूथ स्पीकरवर ओठ आधी हलून आवाज मागून येत असेल, तर विंडोज संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये 'जे' दाबा. दर दाबेला आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे सरकतो. फार सरकला तर 'के'ने मागे न्या.

लौंग सेवेची, म्हणजे लवंग घातलेल्या इंदुरी शेवेची, वाटी फिरवू नका. सहाजण एकदम कुडुमकुडुम करू लागले की संवाद गेलाच. सेव पोह्यांवर घालून थोडी मऊ पडू द्या. पोह्यांवर भुरभुरायचा जीरावन मसालाही बेताने, कारण ठसका नेमका मोक्याच्या शेऱ्याला लागतो.

जागा चुकणं

हे सगळं घरात. सिनेमागृहात बाकीच्यांनी तिकिटं काढलेली असतात. मंडळाच्या कार्यक्रमात किंवा सभागृहात सिनेमा दाखवायचा तर हक्कधारकाची परवानगी लागते. गच्चीवर ध्वनिवर्धक लावणार असाल तर रात्री दहाच्या आत आटपा.

मध्येच सगळे गप्प झाले तर

पडलेला विनोद समजावून सांगू नका, त्याच्यावर दुसरा रचूही नका. दोन मिनिटं सिनेमालाच बोलू द्या, तो पुढचा माल स्वतः आणून देतो. तरीही शांतता असेल तर दहा मिनिटं पुढे ढकला. सुटलेलं कथानक कुणीही विचारणार नाही.