कूगरच्या शिकारीवर कायोटी आले होते का, आणि मग काय झालं, हे माग बघून कसं ओळखायचं

कायोटी (अमेरिकेतला लांडग्यासारखा पण लहान जंगली कुत्रा) आणि कूगर (तिथलं मोठं रानमांजर) समोरासमोर आलेला एखादा व्हिडिओ फिरायला लागला की सगळ्यांचा प्रश्न एकच, जिंकलं कोण? माझं म्हणणं असं की हा प्रश्नच बाजूला ठेवा आणि त्याऐवजी विचारा की मांस कुठे होतं. कारण या दोघांचं वैर बहुतेक वेळा एखाद्या मेलेल्या हरणावरून असतं, आणि त्या हरणाभोवतीच्या खुणा नीट वाचता आल्या तर झटापट डोळ्यांनी न बघताही बरंच काही कळतं.

आधी ताकदीचा हिशोब उरकून टाकू. पश्चिम अमेरिकेतला कायोटी साधारण १० ते १५ किलोचा, आणि कूगरचा मोठा नर ५५-७० किलोपर्यंत, मादी ३५-४५ च्या आसपास (प्यूमा, माउंटन लायन, कूगर हे सगळं एकच जनावर, राज्य बदललं की नाव बदलतं एवढंच). झाडीत एकटा कायोटी कूगरच्या तावडीत सापडला तर तो संपलाच. पण २०१३ मध्ये वायोमिंग राज्यातल्या नॅशनल एल्क रेफ्यूज या अभयारण्यातले फोटो खूप गाजले होते ते आठवा, कूगर लाकडी कुंपणाच्या वरच्या दांडीवर अंग चोरून बसलेला आणि खाली कायोटींचं टोळकं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त कुठल्या वेळी कुठली लागू होते ते ओळखायचं असतं.

सुरुवात ठशांपासून करा. कूगरचा ठसा गोल, पुढच्या पंजाची रुंदी साधारण साडेसात ते नऊ सेंटीमीटर, नखं आत ओढलेली असतात म्हणून नखांच्या खुणा जवळजवळ कधीच दिसत नाहीत, आणि तळव्याच्या गादीची मागची कड नीट बघितली तर तिथे तीन फुगवटे दिसतात. चार बोटांतलं एक बोट जरा पुढे असतं, त्यामुळे डावा पंजा की उजवा तेही कळतं. कायोटीचा ठसा लांबट, ६-७ सेंटीमीटर, मधल्या दोन बोटांची नखं सरळ पुढे टोचलेली, आणि बोटं आणि गादी यांच्यामधल्या मोकळ्या जागेत फुलीसारखा आकार उमटतो. पाळीव कुत्र्याच्या ठशाशी इथे हमखास गल्लत होते, पण कुत्रा इकडेतिकडे हुंगत भरकटत जातो, त्याची बोटं फाकलेली असतात, आणि कायोटी मात्र आखून दिल्यासारखा सरळ रेषेत जातो. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवाच, नुसत्या फोटोवरून साइझचा अंदाज हमखास चुकतो.

आता महत्त्वाचं, कुठला ठसा कुठल्या ठशावर पडलाय ते बघा. कूगरच्या ठशात कायोटीचं नख रुतलेलं असेल तर कायोटी नंतर आलाय. उलटं असेल तर कूगर परत आलाय, आणि मग तुम्ही तिथे थांबायचं नाही. ताज्या ठशाची कड धारदार असते, जुन्याची ढासळलेली, वाऱ्याने त्यात काटक्या-माती आलेली असते. बर्फ पडून गेल्यावरची सकाळ यासाठी सगळ्यात भारी, ताज्या बर्फावर सगळा घटनाक्रम लिहून ठेवलेला असतो.

खरी माहिती मिळते ती मेलेल्या जनावराजवळ, पण तिथे जाण्याआधी हे नीट वाचा. कूगर आपलं सावज पानं, माती, गवत, बर्फ जे मिळेल ते ओढून झाकून ठेवतो आणि पुढचे काही दिवस आसपासच राहून परत परत येऊन खातो. त्यामुळे पानापाचोळ्याखाली अर्धवट झाकलेलं हरीण दिसलं, किंवा एका जागी कावळे आणि मॅगपाय (कावळ्याच्याच कुळातला पक्षी) गोंधळ घालताना दिसले की पुढे पाऊल टाकू नका. मालक कदाचित ५० मीटरवर झुडपात बसून तुमच्याकडे बघत असेल. आणि ग्रिझली (मोठं तपकिरी अस्वल) किंवा काळं अस्वल वास काढत आलेलं असेल तर प्रकरण आणखी अवघड. यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये अस्वल, लांडगा आणि कूगर यांच्यापासून किमान ९१ मीटर लांब राहायचा नियमच आहे, तो बाकी ठिकाणीही पाळला तर काही बिघडत नाही. दुर्बीण वापरा, सगळं दिसतं.

लांबूनच काय बघायचं? कूगर मान किंवा गळा धरून मारतो, मग जनावर ओढत नेतो, त्यामुळे जमिनीवर ओढल्याचा लांब पट्टा असतो. केस उपटून बाजूला टाकलेले असतात, पुंजकेच्या पुंजके. पोट फोडून आधी हृदय, यकृत, फुफ्फुसं खातो, आणि पोटातली चाऱ्याची पिशवी न खाता वेगळी काढून ठेवतो, हे काम बघाल तर चकित व्हाल इतकं नीटनेटकं असतं. कायोटींचं तसं नाही. ते ओढाताण करतात, प्रत्येकजण आपला तुकडा घेऊन पळतो, पाय एकीकडे, बरगड्या दुसरीकडे, हाडांची टोकं चावून चघळलेली. म्हणजे झाकल्याच्या खुणा आहेत, केसांचे पुंजके आहेत, पण सांगाडा चहूकडे विखुरलाय, असं दिसलं तर शिकार कूगरची आणि नंतर ताव मारणारे कायोटी. आयत्या बिळावर नागोबा. मारलं नक्की कोणी हे पक्कं सांगायला अभ्यासक कातडी सोलून आत रक्त साकळलंय का ते बघतात, कारण जिवंतपणी चावलं तरच तसं रक्त साकळतं, पण ते काम त्यांचं, आपण हात लावायचा नाही.

कधीकधी त्याच जागी मेलेला कायोटी सापडतो, आणि इथेच या वैराचा सगळा पेच कळतो. कूगरच्या शिकारीवरचं मांस कायोटीला फुकटात मिळतं म्हणून तो तिथे ओढला जातो, आणि तिथेच त्याला मरण येण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ईशान्य ओरेगॉनमध्ये जनावरांच्या गळ्यात माग काढायच्या कॉलर लावून केलेल्या अभ्यासात हेच दिसलं, कूगर कायोटींना मारत होते आणि तरी कायोटी त्यांच्या शिकारीकडे जातच होते. जीव मुठीत धरून जेवायचं म्हणतात ते हेच. मारलेला कायोटी कूगर कधी खातो, कधी तसाच टाकून देतो. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधला पी-२२ नावाचा प्रसिद्ध कूगर मुख्यतः हरणांवर जगत होता, पण त्याच्या खाण्यात कायोटीसुद्धा होते.

मग कायोटी कधी भारी पडतात? माझ्या मते चार गोष्टी तपासायच्या. कायोटी किती होते, कारण एकटा कायोटी वेगळा आणि जोडी किंवा चार-पाचजण वेगळे. मोसम कुठला, कारण वसंतात बिळात पिल्लं असताना कायोटींची जोडी एरवी करणार नाही इतकी हिंमत करते. समोरचा कूगर कोण, मुरलेला नर की आईपासून नुकताच वेगळा झालेला पोरगा. आणि जवळ चढायला झाड किंवा कडा होता का. उघड्या माळावर टोळीने घेरलं तर कूगर लढत बसत नाही, वर चढतो किंवा सटकतो. लोक याला भित्रेपणा म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. कूगर एकटा शिकार करतो, त्याला खाऊ घालायला कोणी नाही, पाय दुखावला किंवा सुळा तुटला तर तो उपाशी मरेल, आणि मादी असेल तर तिच्याबरोबर पिल्लंही, म्हणून अर्ध्या खाल्लेल्या हरणासाठी तो जोखीम कशाला घेईल? पिल्लं बरोबर असलेली मादी मात्र अपवाद, ती मागे हटेलच असं धरून चालू नका.

कॅमेरा लावायचा असेल तर सावजावर लावू नका, खिंडीत, ओढ्याकाठी किंवा कूगरने मागच्या पायांनी माती उकरून छोटा ढीग केलेला असतो तिथे लावा, नर अशा खुणा करून आपली हद्द सांगतो आणि कायोटीही त्या हुंगायला येतात. उंची गुडघ्याएवढी, तोंड शक्यतो उत्तरेकडे म्हणजे सूर्य थेट लेन्सवर येत नाही, समोरचं हलणारं गवत काढून टाका नाहीतर हजार रिकामे व्हिडिओ येतील, आणि फोटोऐवजी २०-३० सेकंदांचा व्हिडिओ ठेवा. तारीख-वेळ बरोबर सेट करा, सगळा खेळ त्यावरच आहे! कूगर गेल्यावर कायोटी किती वेळाने आला हे लिहून ठेवत गेलात तर काही महिन्यांत पॅटर्न दिसायला लागतो. कायोटीच्या अंगाची ठेवणही बघा. मान लांब ताणलेली, मागचे पाय मागेच रोवलेले, हुंगून लगेच मागे सरकणं, म्हणजे कूगर जवळपास आहे असं त्याला वाटतंय. निवांत उभा राहून खाजवतोय किंवा त्या ढिगावरच मुततोय, म्हणजे धोका टळलाय. सरकारी जमिनीवर कॅमेऱ्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, नॅशनल पार्कमध्ये परवानगीशिवाय लावूच नका.

एक चूक फार होते, फक्त दोघांनाच बघायचं. जिथे लांडगे आहेत तिथे सगळं गणित बदलतं. यलोस्टोनमध्ये १९९५-९६ ला लांडगे परत आणून सोडले, त्यानंतर उत्तर भागात कायोटींची संख्या साधारण निम्म्यावर आली, आणि कूगरची शिकारही लांडगे आणि अस्वलं हिसकावतात, मग त्याला पुन्हा शिकार करावी लागते. आणि माणूस तर आहेच. वॉशिंग्टन राज्याच्या उत्तर भागातला अभ्यास २०२३ मध्ये सायन्स या विज्ञान नियतकालिकात आला होता, लांडगे-कूगर यांना टाळायला कायोटी आणि बॉबकॅट (छोटं रानमांजर) माणसांच्या वस्तीजवळ सरकले आणि तिथे माणसांनी त्यांना मारण्याचं प्रमाण मोठ्या शिकारी प्राण्यांनी मारण्याच्या तिपटीहून जास्त निघालं. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं होतं. म्हणून आपल्या नोंदीत जवळचं घर, रस्ता, कुरण किती लांब आहे तेही लिहा.

कानही उघडे ठेवा. कायोटी एकाच जागेवरून भुंकणं आणि हेल काढणं मिसळून बराच वेळ ओरडत राहिले तर त्यांना काहीतरी खुपतंय, आणि ते काहीतरी कूगर असू शकतो. तुम्ही नेमके त्याच वेळी तिथे असाल तर पळू नका, पाठ फिरवू नका, लहान मूल किंवा कुत्रा बरोबर असेल तर जवळ घ्या, हात वर करून मोठे दिसा, खड्या आवाजात बोलत हळूहळू मागे सरका, बेअर स्प्रे (अस्वल पळवायचा तिखट फवारा) बॅगेत नको, कमरेला हवा, तो कूगरवरही चालतो. यूटामधल्या स्लेट कॅन्यनमध्ये २०२० साली एका धावपटूच्या मागे कूगर मादी काही मिनिटं चालत आली होती, मध्येच अंगावर झेपावल्यासारखं करायची, पण तो तोंड तिच्याकडे ठेवून, ओरडत मागे जात राहिला आणि शेवटी ती परत फिरली. तिची पिल्लं मागे होती. आणि खरोखर हल्ला झालाच तर मेल्याचं सोंग नाही, जे हातात येईल त्याने मारायचं, मान आणि डोकं वाचवायचं.

फोटो किंवा व्हिडिओ टाकायच्या आधी त्यातलं लोकेशन काढून टाका, जागेचं नाव लिहू नका. अनेक राज्यांत कायोटीला वर्षभर मारायला परवानगी आहे आणि कूगरमागे कुत्री घेऊन जाणारेही आहेत, त्यामुळे तुमची पोस्ट कोण वाचतंय हे तुमच्या हातात नसतं.