जुन्या आलिशान गाडीची पहिली डिलिव्हरी कशी शोधायची

जुनी रोल्स-रॉइस किंवा बेंटली समोर आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही मुळात कुणासाठी आली होती? उत्तर बऱ्याचदा सापडतं, पण त्यासाठी प्रश्न थोडा फोडून विचारावा लागतो. दुसऱ्या महायुद्धाआधी या कंपन्या आख्खी गाडी विकतच नसत. कारखान्यातून निघायची ती चॅसी: सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, फायरवॉल (इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधली भिंत), रेडिएटर. ती हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड अशा बॉडी बांधणाऱ्यांकडे जायची, तिथे काही आठवडे किंवा महिने राहायची आणि मग ग्राहकाच्या हाती पडायची. म्हणजे एकाच गाडीला निदान तीन तारखा असतात: चॅसी कारखान्यातून निघाल्याची, बॉडी पूर्ण झाल्याची आणि मालकाने ताबा घेतल्याची. विक्रीच्या जाहिरातीत या तिन्हींची सरमिसळ होऊन एकच तारीख उरते. ती गाठ सोडवणं हेच यातलं मुख्य काम आहे.

आधी लोखंड, मग कागद

कोणताही कागद मागवण्याआधी गाडीवरचे नंबर स्वतः वाचा. हा क्रम उलटा करू नका. कागद आधी हातात आला की झिजलेला आकडा कागदाप्रमाणेच वाचला जातो. ३ चा ८ व्हायला वेळ लागत नाही.

सामान साधं आहे: थोडं रॉकेल किंवा टर्पेंटाइन, सुती फडकं, नायलॉनचा मऊ ब्रश, टॉर्च, पातळ कागद, मऊ शिशाची पेन्सिल आणि मिलिमीटरची पट्टी. तारेचा ब्रश, सँडपेपर आणि ग्राइंडर त्या जागेच्या आसपासही आणू नका. आकडे ठोकण्याच्या पंचाने उठलेल्या रेघेची कड एकदा घासली गेली की नंबर मूळचा की नंतर मारलेला, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

रॉकेलात भिजवलेलं फडकं पंधरा-वीस मिनिटं त्या जागेवर ठेवा, मळ सुटला की ब्रशने उचला आणि जागा पूर्ण कोरडी होऊ द्या. मग आजूबाजूचा उजेड कमी करून टॉर्च धातूला जवळजवळ टेकवून आडवा धरा. समोरून पाडलेल्या प्रकाशात सपाट दिसणारा आकडा आडव्या प्रकाशात सावली टाकतो. चारही बाजूंनी प्रकाश टाकून, पट्टी शेजारी ठेवून, चार फोटो घ्या. त्यानंतर कागद चिकटपट्टीने बसवा आणि पेन्सिलीचं शिसं आडवं धरून हलक्या हाताने फिरवा. फोटोत सुटलेली रेघ कधीकधी या ठशात येते.

आता आकड्यांच्या भोवतीची चार बोटं जागा बघा. तिथे खोलगटपणा, घासल्याच्या समांतर रेषा किंवा वेल्डिंगचा उंचवटा दिसला तर नंबर पुन्हा मारला असण्याची शक्यता आहे. आकडे थोडे वाकडे किंवा वरखाली असणं हा मात्र दोष नाही, कारण ते हातोडीने एकेक करून मारलेले असत. एकच आकडा नंबरात दोनदा आला असेल तर दोन्हींची तुलना करा. एकाच पंचाची खोड दोन्हीकडे सारखी उमटायला हवी.

फायरवॉलवरच्या पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर एकटीवर विसंबू नका. तशा पट्ट्या नव्या बनवून मिळतात. फ्रेमवरचा (म्हणजे चॅसीचा) नंबर, इंजिन नंबर आणि बॉडी बांधणाऱ्याने दिलेला बॉडी नंबर हे तिन्ही वेगवेगळे टिपा. चॅसी आणि इंजिनचे नंबर वेगळे दिसले म्हणून इंजिन बदललं असं समजू नका. रोल्स-रॉइसमध्ये ते मुळातच वेगळे असत. बॉडी नंबर शोधायला सीटखालची लाकडी चौकट, दाराच्या आतल्या पॅनेलची मागची बाजू आणि फ्लोअरबोर्ड बघा. तिथे तो कोरलेला असतो किंवा नुसत्या खडूने लिहिलेला असतो. त्यामुळे त्या लाकडावर ओलं फडकं फिरवण्याआधी फोटो काढा.

नंबर स्वतःही बोलतो

मालिकेचे नियम माहीत असले की कागदाआधीच बरंच कळतं. १९३३ पासून रोल्स-रॉइसच्या डर्बीतल्या कारखान्यात बनलेल्या साडेतीन लिटर बेंटलीच्या चॅसी नंबरांत एई मालिकेत विषम आणि एएच मालिकेत सम आकडे आहेत, आणि १३ हा आकडा वगळलेला आहे. जग्वार एक्सके १२० च्या खुल्या गाड्यांत उजव्या स्टिअरिंगची मालिका ६६०००१ पासून सुरू होते आणि डाव्या स्टिअरिंगची ६७०००१ पासून. आज उजवं स्टिअरिंग असलेल्या एक्सके १२० च्या फ्रेमवर ६७ ने सुरू होणारा नंबर असेल, तर स्टिअरिंग नंतर बदललं आहे. अशा गाडीची पहिली डिलिव्हरी इंग्लंडमध्ये शोधण्यात वेळ घालवू नका. ती बहुधा अमेरिकेत झालेली असते.

कुणाला लिहायचं

रोल्स-रॉइस आणि डर्बीच्या बेंटलींची चॅसी कार्डं (प्रत्येक चॅसीची कारखान्यातली नोंद) नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी गावी, हंट हाउसमध्ये, रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबमार्फत मिळतात. त्याआधीच्या, १९३१ मध्ये मूळ बेंटली कंपनी बुडेपर्यंत लंडनमधल्या क्रिकलवुडला बनलेल्या बेंटलींसाठी बेंटली ड्रायव्हर्स क्लबकडे विचारा. या गाड्यांच्या कारखान्यातल्या सर्व्हिसच्या नोंदी टिकल्या आहेत आणि मालक बदलल्याचं त्यांतही दिसतं. जग्वारसाठी जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट, मर्सिडीजसाठी श्टुटगार्टचं कंपनीचं अर्काइव्ह, बुगाटीसाठी ग्लॉस्टरशायरमधल्या प्रेस्कॉटचा बुगाटी ट्रस्ट.

पत्रात चॅसी नंबर, इंजिन नंबर, ठशाचा फोटो आणि मालकीचा पुरावा द्या. आपला अंदाज मात्र लिहू नका. ‘ही गाडी अमुक राजघराण्याची असावी’ असं वाचलं की शोधणारा माणूसही तेच नाव शोधत बसतो. नुसतं सर्टिफिकेट मिळत असेल तर मूळ नोंदीची प्रत मिळते का तेही विचारा, आणि ती दोन्ही बाजूंची मागा. सर्टिफिकेट म्हणजे कुणीतरी वाचून उतरवलेला सारांश. उतरवताना खोडलेलं नाव, समासातली टीप आणि मागच्या पानावरचे नंतरचे मालक गळतात. नेमकं हवं असतं ते तिथेच.

कार्ड कसं वाचायचं

रोल्स-रॉइसच्या कार्डात ऑर्डरची तारीख, चाचणी पूर्ण झाल्याची तारीख, चॅसी कोणत्या बॉडीवाल्याकडे पाठवली, बॉडीचा प्रकार आणि गॅरंटी कुणाच्या नावे दिली हे पाहा. ताब्याच्या सर्वांत जवळची तारीख बहुतेकदा गॅरंटीची असते, चाचणीची नव्हे. गाडी परदेशी गेली असेल तर बंदर आणि जहाजाचं नाव सापडू शकतं. ते मिळालं की त्या जहाजाच्या फेऱ्या जुन्या वर्तमानपत्रांतल्या जहाजांच्या वेळापत्रकात ताडून बघा. वापर कसा होणार, शहरात की लांबच्या प्रवासाला, हेही लिहिलेलं आढळतं. त्यावरून मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर आणि स्प्रिंगा का निवडल्या ते उलगडतं, आणि आज गाडीत असलेला ॲक्सल मूळचा आहे का तेही तपासता येतं.

सर्वांत जास्त चुका नावात होतात. कार्डावरचं पहिलं नाव पुष्कळदा डीलरचं असतं, कारण त्याने शोरूमसाठी चॅसी घेऊन ठेवलेली असते. काही गाड्या कंपनी चाचणीसाठी किंवा ग्राहकांना दाखवण्यासाठी स्वतःकडे ठेवी. तिथे पहिला खासगी मालक वर्षभरानंतर येतो. सेक्रेटरी, वकील किंवा एखाद्या कंपनीच्या नावे झालेली ऑर्डरही विरळ नाही. ‘ऑर्डर देणारा’, ‘गॅरंटीधारक’ आणि ‘पहिला नोंदणीकृत मालक’ हे तीन रकाने वेगळेच ठेवा, तिन्हींत एकच नाव येणार असलं तरी.

अमेरिकन गाड्यांत वेगळी अडचण आहे. पॅकार्डच्या फायरवॉलवरच्या पट्टीवर डीलरचं नाव, गाव आणि डिलिव्हरीची तारीख ठोकलेली असे. ही तारीख विक्रीची आहे, उत्पादनाची नाही. मंदीच्या वर्षांत गाडी डीलरकडे कितीतरी महिने पडून राहू शकत होती. शिवाय कित्येक राज्यांत मालकीची नोंद इंजिन नंबरवर व्हायची. इंजिन बदललं की कागदाची साखळी तिथेच तुटते.

नोंदणी, फोटो आणि रंग

ब्रिटनमध्ये १९०४ पासून वाहनांची नोंदणी काउंटी किंवा बरो कौन्सिलकडे होती. १९७४ पासून ती स्वान्सीच्या केंद्रीय कार्यालयाकडे जाऊ लागली आणि जुन्या नोंदवह्या काही ठिकाणी अभिलेखागारात गेल्या, काही ठिकाणी नष्ट झाल्या. नंबर प्लेटची अक्षरं काउंटी सांगतात, म्हणून आधी त्या काउंटीच्या अभिलेखागाराला लिहा. नोंदणीची तारीख आणि गॅरंटीची तारीख एकमेकींच्या जवळ असल्या तर ताबा पक्का समजायला हरकत नाही. इटलीत १९२७ पासून पीआरए हे सार्वजनिक नोंदणी खातं आहे. तिथून मालकांचा कालक्रमानुसार उतारा मागता येतो.

‘शोमध्ये मांडलेली गाडी’ हा दावा तारखेने तपासा. लंडनचा मोटार शो १९३६ पर्यंत ऑलिंपिया या प्रदर्शनगृहात भरला आणि १९३७ पासून अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनगृहात. ‘ऑलिंपिया १९३७’ असं कुठे वाचलं तर त्या कागदातलं बाकी सगळंही पुन्हा तपासा.

जुना फोटो मिळाला तर बोनेटवरच्या हवेच्या फटी मोजा, दाराचे बिजागर आणि खिडकीची मागची वळणरेषा पाहा. डॅशबोर्ड दिसत असेल तर लाकडाच्या रेषा जुळवा. लाकडाचे दोन पातळ पापुद्रे (व्हिनिअर) तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे हा पुरावा फार भक्कम ठरतो. क्रिकलवुडच्या बेंटलींत तर फोटोशिवाय पुढे जाऊच नये. बंद सलून बॉडी काढून त्याच चॅसीवर खुली टूरर बसवलेल्या गाड्या खूप आहेत. चॅसीची डिलिव्हरी खरी असते, पण आजची बॉडी तिच्यासोबत आलेली नसते.

मूळ रंगासाठी सीटखाली किंवा डॅशच्या मागे लपलेली नाण्याएवढी जागा निवडा. ६०० आणि मग १००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून गोलाकार घासा. रंगाचे थर झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखे उघडतात. सर्वांत खालचा थर कार्डावरच्या रंगाशी जुळला तर उत्तम. नाही जुळला तर कार्ड खोटं ठरवण्याआधी हे पत्र्याचं पॅनेल नंतर बदललंय का ते बघा. मडगार्डं सर्वांत आधी बदलली जातात, म्हणून ही चाचणी मडगार्डवर करू नका.

हाती आलेली प्रत्येक गोष्ट एका तक्त्यात भरा: तारीख, घटना, पुरावा, तो पुरावा त्या काळातला की नंतर लिहिलेला. दोन पुरावे भांडत असतील तर दोन्ही तसेच राहू द्या आणि पुढे कारण लिहा. मधली दहा वर्षं सापडली नाहीत तर तो रकाना रिकामा ठेवा. पुढच्या मालकाच्या नातवाकडे एखादा अल्बम निघाला, तर त्यातला फोटो कुठे बसतो हे त्या रिकाम्या रकान्यावरूनच कळतं.