सास्काटूनला शिफ्ट होताय? घर बघताना आधी प्लग बघा

कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, आला की सगळे टोरंटो नाहीतर व्हँकुव्हर म्हणतात, आपण सास्काटून म्हटलं की घरचे विचारतात "हे कुठं आलं?" तर हे सास्कॅचवान प्रांतात, आजूबाजूची गावं धरून तीन लाखांच्या वर वस्ती, मधून नदी आणि शहराबाहेर पडलं की नजर पोचेल तिथपर्यंत शेतं. भारतात येणाऱ्या मसुरीतली बरीचशी याच प्रांतातली, म्हणजे तुमची आमटी तुमच्या आधी इथलं गाव बघून गेलीय.

पहिलं म्हणजे तारीख. शक्य असेल तर मे ते ऑगस्टमधे उतरा. जानेवारीत आलात तर उणे तीसमधे घर शोधणं, बस स्टॉपवर उभं राहणं, गाडी बघायला जाणं, सगळं एकदमच अंगावर येतं. आम्ही जानेवारीतच आलो, तिकीट स्वस्त होतं म्हणून, आणि वाचलेले पैसे पहिल्या आठवड्यात टॅक्सीत घातले.

निघायच्या आधी आरटीओकडून लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे रेकॉर्डचा उतारा, काढून आणा, कारण नुसत्या कार्डावरून किती वर्षं गाडी चालवली ते नीट कळत नाही आणि इथे तो अनुभव दाखवावा लागतो. मुलांचं लसीकरणाचं कार्ड, अनुभवाची पत्रं, मार्कशीट हँडबॅगेत. आणि दातांची कामं तिकडेच उरकून या, हे मी प्रत्येकाला सांगते, कारण इथल्या सरकारी हेल्थ कार्डात डॉक्टर आणि हॉस्पिटल येतं पण मोठ्यांचे दात आणि चष्मा साधारणपणे येत नाही.

आता घर. भारतातून फोटो बघून डिपॉझिट पाठवू नका, कितीही गोड बोलणारा असला तरी. पहिले दोन आठवडे कुठेतरी तात्पुरतं राहा आणि मग प्रत्यक्ष बघा. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि त्यातलं अर्धं सुरुवातीला देऊन उरलेलं दोन महिन्यांत दिलं तरी चालतं, घरमालक हे स्वतःहून सांगेलच असं नाही. बेसमेंट स्वस्त मिळतं पण खिडकी किती मोठी आहे ते बघा, डिसेंबरमधे सूर्य नऊनंतर उगवतो आणि पाचच्या आत मावळतो, त्यात घरातही अंधार असला की माणूस चिडचिडा होतो.

घरमालकाला तीन गोष्टी विचारा: हीटिंग भाड्यात आहे का, फुटपाथवरचा बर्फ कोण काढणार, आणि पार्किंगला प्लग आहे का. हा प्लग काय प्रकार आहे ते मला आधी कळलंच नव्हतं. इथल्या गाड्यांच्या नाकातून एक वायर लोंबत असते, मला वाटलं काहीतरी तुटलंय. तो ब्लॉक हीटर. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकद कमी होते, म्हणून उणे पंधराच्या खाली गेलं की वायर प्लगमधे लावून इंजिन गरम ठेवायचं. रात्रभर लावायची गरज नाही, टायमर लावून निघायच्या तीन-चार तास आधी सुरू झालं की पुरतं. आमच्या पहिल्या घराच्या जाहिरातीत प्लग होता, प्रत्यक्षात तो बंद, आणि मालक "बघतो बघतो" म्हणत मार्च काढला. तेव्हा बघायला जाताना फोनचा चार्जर घेऊन जा आणि स्वतः लावून बघा, हसले तर हसू देत.

पहिल्या आठवड्याची कामं सोपी आहेत: सर्व्हिस कॅनडा या सरकारी ऑफिसातून सिन नंबर (नोकरीसाठी लागतो, फुकट मिळतो), मग बँक, मग हेल्थ कार्डाचा अर्ज. परदेशातून थेट आलेल्या पीआरवाल्यांना इथे साधारणपणे आल्यापासूनच कव्हर मिळतं, दुसऱ्या प्रांतातून आलात तर मधले दोन-तीन महिने जुन्याच प्रांताचं चालतं. दुकानात किमतीवर पाच टक्के जीएसटी आणि सहा टक्के पीएसटी (प्रांताचा कर) वरून लागतो, बिल बघून दचकू नका.

गाडी भारताच्या लायसन्सवर नव्वद दिवस चालवता येते, मग इथलं काढावंच लागतं. लायसन्स, नंबर प्लेट आणि बेसिक इन्शुरन्स सगळं एसजीआय या एकाच सरकारी कंपनीकडे, तेवढं बरंय. विंटर टायरची सक्ती नाही पण घ्याच.

कपडे? थर्मल तिकडून आणा, जाकीट आणि बूट इथेच घ्या, तुळशीबागेतलं जाकीट इथे नोव्हेंबरपर्यंतसुद्धा टिकत नाही. बोटांसाठी ग्लोव्हजपेक्षा मिटन्स (चारही बोटं एकाच कप्प्यात जातात ते) जास्त गरम, बोटं एकमेकांना ऊब देतात.

एक फायदा कोणी सांगत नाही: इथे उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी घड्याळ तासभर मागेपुढे करत नाहीत, भारताशी वर्षभर साडेअकरा तासांचाच फरक, इथले सकाळचे नऊ म्हणजे आईचे रात्रीचे साडेआठ, तिची सिरियल संपायची वाट बघावी लागते एवढंच. आणि दही लागत नाही म्हणून रडू नका, विरजण लावून भांडं ओव्हनमधे ठेवा, ओव्हन बंद, फक्त आतला दिवा चालू, सकाळी दही तयार. फक्त ओव्हनच्या दारावर चिठ्ठी लावा, आमच्याकडे एकदा कोणीतरी पिझ्झासाठी ओव्हन गरम करायला ठेवला होता.